आपलं राज्य नक्की कशावर चालतं? आर्थिक पाहणी उघडून स्वतः कसं काढायचं

दरवर्षी राज्याच्या बजेटच्या आधी एक-दोन दिवस महाराष्ट्राची आर्थिक पाहणी सभागृहात मांडली जाते आणि बातम्यांमध्ये तीच ओळ फिरते, की सेवा क्षेत्राचा वाटा साधारण ६० टक्क्यांच्या आसपास. एमपीएससीवाले पाठ करतात, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये पाय चार्ट लागतो, विषय संपला. पण ह्या साठ टक्क्यांत बीकेसीतली बँक पण आहे, हिंजवडीची आयटी कंपनी पण आहे, झेडपी शाळेतले गुरुजी आहेत, रिक्षावाले आहेत आणि एसटी स्टँडबाहेरची चहाची टपरी पण आहे. ह्यांना एका आकड्यात कोंबून राज्याबद्दल काहीच कळत नाही, तो आकडा उघडावाच लागतो. आणि ते अवघड नाहीये, एक्सेल आलं की पुरे.

आधी पाहणीची पीडीएफ घ्या. अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, मराठीत पण असते आणि फुकट मिळते. राज्य उत्पन्नाचं प्रकरण आणि त्याच्यासोबतचे तक्ते काढा. इथे दोन गोष्टी दिसतील, स्थूल राज्य उत्पन्न आणि स्थूल राज्य मूल्यवृद्धी (म्हणजे तयार झालेल्या माल-सेवांच्या किंमतीतून त्यासाठी वापरलेला कच्चा माल वगैरे वजा करून जे उरतं ते). उत्पन्न म्हणजे मूल्यवृद्धीत वस्तू-सेवांवरचे कर मिळवायचे आणि सबसिडी वजा करायची. हे कर कुठल्या एका क्षेत्राच्या खात्यात पडत नाहीत, म्हणून वाटे काढताना भागायचं ते मूल्यवृद्धीनेच. उत्पन्नाने भागलं तर सगळ्या क्षेत्रांची बेरीज शंभर होतच नाही आणि मग माणूस तासभर चूक शोधत बसतो. दुसरं, चालू किंमती (त्या-त्या वर्षीचे भाव) आणि स्थिर किंमती (एका ठरलेल्या पायाभूत वर्षाचे भाव, म्हणजे महागाई बाजूला काढून) असे दोन तक्ते असतात. कोणाचा वाटा किती हे बघायचं तर चालू किंमती, कोण किती वेगाने वाढलं हे बघायचं तर स्थिर. आणि पायाभूत वर्ष बदललेल्या दोन मालिका एकाच ग्राफमध्ये अजिबात जोडू नका.

मग क्षेत्रं कशी पाडलीत ते बघा. बांधकाम उद्योगात मोडतं, सेवेत नाही. म्हणजे बिल्डिंग उभी राहते ते उद्योग, पण तीच भाड्याने दिली किंवा एजंटने विकून दिली तर सेवा. खाणकाम काही तक्त्यांत शेतीसोबत प्राथमिक क्षेत्रात टाकतात तर काहींत उद्योगात, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर आधी हे तपासा. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या जिल्ह्यात ह्याने चित्रच बदलतं.

आता मुख्य काम. सेवा क्षेत्राखाली ज्या ओळी येतात त्या अशा: व्यापार-दुरुस्ती-हॉटेल, वाहतूक-साठवण-दळणवळण, वित्तीय सेवा, स्थावर मालमत्ता-घरमालकी-व्यावसायिक सेवा, लोकप्रशासन, आणि इतर सेवा ज्यात शिक्षण-आरोग्य येतं. प्रत्येकीचा वेगळा टक्का काढा. त्यातली स्थावर मालमत्तेची ओळ नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. आयटी ह्याच ओळीत असते, वकील-सीए पण ह्यातच, आणि वर स्वतःच्या घरात राहणाऱ्या लोकांचं मानीव भाडं पण ह्यातच धरतात, म्हणजे तुम्ही कोणाला भाडं देत नाही पण दिलं असतं तर किती असतं त्याचा अंदाज. त्यामुळे ही ओळ वाढली म्हणून लगेच आयटी वाढली असं लिहू नका.

अजून एक, कारखान्याने स्वतःच्या पगारावरचा सिक्युरिटी गार्ड काढून एजन्सीकडून घेतला की तो माणूस त्याच गेटवर उभा राहून उद्योगातून सेवेत जातो. सेवा वाढली ह्यातला थोडा भाग असा पण असतो.

नुसता वाटा बघून हेही कळत नाही की आपलं वेगळेपण काय. त्यासाठी स्थान गुणांक काढा, म्हणजे राज्यातला एखाद्या ओळीचा वाटा भागिले देशातला तिचा वाटा. समजा वित्तीय सेवा राज्यात १० टक्के आणि देशात ५, तर उत्तर २ येतं, म्हणजे देशाच्या मानाने दुप्पट वजन. १ च्या आसपास आलं तर ते सगळीकडे असतं तितकंच आहे, त्यात विशेष काही नाही. फक्त बँका, रेल्वे असल्या सेवांचा हिशोब आधी देशपातळीवर होतो आणि मग निकष लावून राज्यांना वाटला जातो, तेव्हा ह्या ओळींत राज्यात प्रत्यक्ष मोजलेलं आणि वाटणीने आलेलं असं मिसळलेलं असतं हे लिहून ठेवा.

आणि कृपा करून पैशाच्या तक्त्याशेजारी माणसांचा तक्ता लावा, माझ्या मते ह्याच्याशिवाय सगळं अर्धवट आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातले निम्म्याहून जास्त काम करणारे लोक शेतकरी किंवा शेतमजूर होते, आणि मूल्यवृद्धीत शेतीचा वाटा मात्र साधारण १२ टक्क्यांच्या आसपास. नवे आकडे पीएलएफएस म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात मिळतात. प्रत्येक क्षेत्राचा मूल्यवृद्धीतला वाटा भागिले रोजगारातला वाटा असं करा, १ च्या खूप खाली आलं की समजायचं माणसं जास्त आणि कमाई कमी. सेवेच्या आत पण हे करून बघा, वित्तीय सेवा आणि व्यापार-हॉटेल ह्यांच्यात किती दरी आहे ते दिसेल.

शेवटी जिल्हा. मुंबई, ठाणे, पुणे बाजूला ठेवले तर साठ टक्क्यांचं राज्य वेगळंच दिसतं, म्हणून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम ह्यांचं दरडोई जिल्हा उत्पन्न शेजारी मांडा. ठाण्याचे जुने आकडे घेताना लक्षात ठेवा की १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा झाला, आधीच्या आकड्यांत दोन्ही एकत्र आहेत. स्वतःच्या तालुक्यापर्यंत जायचं असेल तर जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन मागा, त्यात बँका, कारखाने, सहकारी संस्था, शाळा, दवाखाने अशी माहिती असते, त्यात तालुक्याचं उत्पन्न मिळणार नाही, पण सेवा नक्की कुठे गोळा झाल्यात ते त्यातून दिसतं.