मागचे ड्रम उघडण्याआधी

पिकअपच्या मागच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम उघडायचे तर सकाळी सहालाच बसा. मे महिन्यात नागपुरात दहानंतर उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही. जॅक, पाने, प्लास, हातोडा हे काय सांगायचं. फक्त जॅकच्या भरवशावर गाडी सोडू नका, दोन्हीकडे घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, लावा. हँडब्रेक खाली असला पाहिजे, नाहीतर ड्रम सुटत नाही, आणि हँडब्रेक खाली म्हणून पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड.

आता घरातून दोन जुनी ताटं मागा. एकावर खडूनं ‘डा’, दुसऱ्यावर ‘उ’. हसू नका भाऊ. गेल्या वेळी मी दोन्ही ड्रम एकदम उघडले, स्प्रिंगा, ॲडजस्टर सगळं एकाच घमेल्यात डिझेलनं धुतलं आणि अंदाजानं बसवून टाकलं. ॲडजस्टर म्हणजे ब्रेकच्या शूंमधलं अंतर वाढवणारा आट्यांचा स्क्रू, आणि त्याचे आटे डावी-उजवीकडे उलटे असतात. दिसायला दोन्ही सारखेच, अदलाबदल झाली तरी मुकाट्यानं बसतात, पहिल्या दिवशी ब्रेकचं पॅडलही टणक लागतं. पण लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, झिजेल तसा जो ॲडजस्टर लांबायचा तोच आखडत जातो. तीन आठवड्यांनी काटोलहून संत्री भरून कळमन्याच्या बाजारात येत होतो. ऑटोमोटिव्ह चौकात पॅडल खाली गेलं आणि पुढे ऑटो. दोनदा पंप मारला तेव्हा गाडी थांबली, मागे चार क्रेट सांडले ते वेगळे.

म्हणून एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचा ड्रम काढायचाच नाही. लायनर दोन्हीकडचे जोडीनंच बदलायचे, ते ठीक, पण उघडायची एकच बाजू. काही अडलं तर दुसरीकडे बघून घेता येतं, मात्र तिथे सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसेल. मोबाइलवर फोटोही काढा: कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात, कोणता शू (लायनर लावलेली कमान) पुढे. काही गाड्यांत एका शूचं लायनर आखूड असतं, ते गाडीच्या पुढच्या बाजूला.

ड्रम अडकला तर हातोडा घेऊन तुटून पडू नका. जुन्या ड्रमच्या काठाला कड तयार होते, शू तिच्यात अडकतात. मागच्या प्लेटमधलं रबर काढून ॲडजस्टर सैल करा. ड्रमला आट्याची दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीनं कसा, ड्रम आपोआप बाहेर येतो.

आतल्या भुकटीवर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारा, ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क. ड्रम उघडा असताना कोणी पॅडल दाबलं तर शूंना ढकलणाऱ्या सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात, तेव्हा पोरांना केबिनमध्ये खेळू देऊ नका. सिलिंडरचं रबर उचलून बघा. आत ओलं असेल तर नुसत्या रबरांचं किट नाही, सरळ नवा सिलिंडर. ऑइल प्यालेलं लायनर पॉलिश पेपरनं घासून वाचत नाही, फेका. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे गेला असेल तर तोही गेला.

आणि ॲडजस्टर? ‘डा’मधला डावीकडे. पुन्हा सांगतो, ‘डा’मधला डावीकडेच.

शू जिथे प्लेटवर घासतात तिथे उष्णता सहन करणारं ग्रीस, अगदी थेंबभर. लायनरला ग्रीसचा हात लागू देऊ नका. ब्रेक ऑइलची बाटली नवी, सीलबंद घ्या. डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येऊ शकतो, आणि अर्धी उघडी बाटली पावसाळाभर शेल्फवर ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

मग ड्रम चढवा, हलका घासेल इतपत ॲडजस्टर लांबवा, सिलिंडर बदलला असेल तर ब्रेकच्या नळीतली हवा काढा, नट कसा. गाडी हलवण्याआधी पॅडल टणक होईपर्यंत दाबा. रिकाम्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीनं, हळू. दुसरी बाजू उद्या सकाळी.