मुठेचा काठ सावरताना या चुका टाळा

"जुलैत लावलेली रोपं ऑगस्टमध्ये दिसतच नाहीत" अशी तक्रार आली की मी आधी एकच विचारतो, खड्डे कुठे घेतले होते? बहुतेक वेळा उत्तर येतं, "पाण्याजवळच, म्हणजे उन्हाळ्यात टँकर नको." पुण्यात मुठेकाठी काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या गटाची ही पहिली चूक असते. आम्हीही तीच केली होती.

खडकवासला धरणातून विसर्ग सुरू झाला की काही तासांत नदीचं रूप पालटतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं होतं. त्या लोंढ्यापुढे गुडघाभर रोपाचा काय पाड! म्हणून रोपं आणण्याआधी, उन्हाळ्यातच काठाने एक फेरी मारा. झुडपांना लटकलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या किती उंचीवर आहेत ते पाहा. गेला पूर कुठवर आला होता, ते त्या चिंध्या सांगतात. त्या रेषेच्या खाली, पुरात वाकून पुन्हा उभी राहणारी झाडंच टिकतात. अगदी पाण्यालगत लव्हाळा, शेरणी आणि वाळुंज, त्याच्या थोडं वर उंबर, करंज आणि अर्जुन लावा. बहावा आणि पळस त्याहून वर, जिथे पाणी क्वचितच पोचतं तिथे. वाळुंजाला तर रोपवाटिकेचीही गरज नाही. पूर ओसरल्यावर अंगठ्याएवढ्या जाड फांद्या ओल्या मातीत हातभर खोल रोवल्या, की त्या मूळ धरतात. एकाच जागेवरून दोनदा रोपं वाहून गेली तर तिसऱ्यांदा लावू नका. तिथे गवत येऊ द्या.

दुसरी चूक स्वच्छतेच्या नावाखाली होते, आणि ती मला सर्वांत जास्त लागते. रविवारी पन्नास माणसं येतात आणि दुपारपर्यंत काठ अंगणासारखा लख्ख करून जातात. प्लास्टिक जातं, हे उत्तमच. पण त्याबरोबर वाळकं गवत, पाणकणीस, पडलेला ओंडका, पालापाचोळाही ट्रॉलीत भरला जातो. पाणकणसात पाणकोंबडीचं घरटं असतं. ओंडक्यावर बसून खंड्या मासे टिपतो. गवताच्या मुळांनी तर काठाची माती धरून ठेवलेली असते. पुढच्या पावसात काठाला घळी पडल्या, माती ढासळली, तर आधी त्या सफाईची आठवण काढा. आमच्याकडे आता काम सुरू होण्याआधी पाच मिनिटं एवढंच सांगतात की माणसाने आणलेलं उचला, नदीने आणलेलं किंवा वाढवलेलं तिथेच राहू द्या. पूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यातच प्लास्टिक वेचा. नंतर ते गाळाखाली जातं आणि हाती लागत नाही.

देशी झाडांची जागा बळकावणारी परदेशी सुबाभूळ तोडली आणि दुप्पट जोमाने फुटली? फुटणारच. बुंध्यापासून धुमारे येतात आणि मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं रुजत राहतं. लहान रोपं पावसाळ्यात माती भुसभुशीत असताना मुळासकट उपटा. मोठ्या झाडांवर शेंगा पिकण्याआधी काम करा आणि बुंध्याचे धुमारे दोन-तीन वर्षं तरी न कंटाळता खुडत राहा. मात्र उताराच्या काठावर मे महिन्यात सगळी सुबाभूळ एकदम काढणं म्हणजे पहिल्याच पावसात माती नदीत लोटून देणं. एक पट्टा मोकळा करा, तिथे देशी झाडोरा धरू द्या, मगच पुढचा पट्टा घ्या. गाजरगवताची नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली होती, म्हणजे हा आपला जुना पाहुणा. ते फुलोऱ्यावर येण्याआधी उपटा. हातमोजे आणि मास्क घाला, कारण त्याने अंगाला खाज सुटते आणि काहींना दमाही होतो.

जलपर्णीचा हिरवा गालिचा एप्रिलमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत ती कडेकडेने, छोट्या पुंजक्यांत असते. तेव्हाच काढली तर माणसं कमी लागतात. काढलेला ढीग काठावरच ठेवण्याची चूक तर सर्रास दिसते. पावसाचं पाणी चढलं की तो ढीग पुन्हा नदीत. ढीग पूररेषेच्या वर न्या. सांडपाण्यात वाढलेल्या जलपर्णीचं खत भाजीपाल्याला वापरू नका. आणि दरवर्षी ती त्याच ठिकाणी येत असेल तर वरच्या अंगाला चालत जा. बहुधा एखादा नाला थेट नदीत उतरताना सापडेल. फोटो, ठिकाण आणि तारीख टाकून महापालिकेकडे लेखी तक्रार द्या आणि तिचा पाठपुरावा करा. जलपर्णी काढणं आपल्या हातात आहे, पण तिला पोसणारं मैलापाणी अडवणं हे पालिकेचंच काम आहे.

भरावाची माती फुकट मिळते म्हणून घेऊ नका. त्यात राडारोडा असतो, आणि बाहेरच्या तणांचं बीही.

आणखी एक मोह म्हणजे दिसेल त्या मोकळ्या जागेत दाट झाडी लावायची. काठावरचं उघडं गवत आणि गोट्यांची पट्टी ही ओसाड जमीन नव्हे. धोबी, तुतवार असे हिवाळी पाहुणे पक्षी तिथेच चरतात. टिटवी तर झाडावर घरटं बांधतच नाही. साधारण मार्चपासून ती गोट्यांमध्ये अंडी घालते. ती अंडी मातकट आणि ठिपकेदार असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर आल्या वाटेने मागे फिरा. त्या जागेभोवती दहा-वीस पावलं सोडून दगडांची खूण करा आणि पिल्लं चालती होईपर्यंत तिकडचं काम बंद ठेवा.