सरावाचा डेटा आधी बिघडवा

बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या मुलांना आरोग्य-डेटाचं काम शिकवायचं, तर दवाखान्यातल्या खऱ्या फायली मागायची गरज नाही. सिंथिया हे मोफत सॉफ्टवेअर काल्पनिक रुग्णांच्या जन्मापासूनच्या नोंदी तयार करतं. सीएसव्ही, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यांच्या, फायलींचा पर्याय मुळात बंद असतो, तेवढा सेटिंगमध्ये चालू करा.

पण हा डेटा फारच नीटनेटका असतो; खऱ्या केसपेपरांचा गोंधळ त्यात नाही. म्हणून तो मुद्दाम बिघडवा. काही तारखांत दिवस-महिना उलटा करा, एकाच जाधवांची दोनदा नोंद करा, रक्तातल्या साखरेचे मोजके आकडे १८ने भागून दुसऱ्या एककात न्या: डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅमचे लिटरमागे ७ मिलिमोल होतात. मग मुलांना शोधू द्या. आजारांची टक्केवारी मात्र बडोद्याची समजू नका. सिंथियाने मुळात धरलेली लोकसंख्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची आहे.