राखडीच्या अन् सांडपाण्याच्या जमिनीत करंज लावताना

मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. आर्द्रात दोन दमदार पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाली, की मगच करंजाची वर्षभराची रोपं लावा. करंजाच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल होतं. नागपूरजवळ कोराडी-खापरखेड्याकडची, वीज केंद्रांतल्या कोळशाची राखड बसलेली वावरं, नाग नदीच्या सांडपाण्यावर वर्षानुवर्षं पालक-मेथी पिकवलेली काठाची पट्टी, उमरेडकडे कोळसा खाणीच्या ढिगांलगतचं पडीक, एवढ्याचपुरता हा सल्ला. कपाशीचं चांगलं वावर मोडायला कोणी सांगितलं, तर दुरूनच हात जोडा. वीसेक वर्षांपूर्वी बायोडिझेलसाठीच्या चंद्रज्योतीच्या (जट्रोफा) गाजावाजात पुष्कळ जण फसले. करंजही पाच-सहा वर्षांशिवाय धड शेंगा देत नाही.

आधी माती तपासा. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक येतात, पण शिसं, कॅडमियम, आर्सेनिक त्यात नसतात. ते प्रयोगशाळेला वेगळे सांगावे लागतात. नमुना प्लास्टिकच्या बादलीत गोळा करा. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं घेतलं, तर जस्ताचा आकडा उगाच फुगतो.

खड्डा दीड फुटाचा, अंतर ५ बाय ५ मीटर, म्हणजे एकरी १६० झाडं. राखडीत नत्र जवळजवळ नसतोच, म्हणून खड्ड्यात शेणखत हवंच. करंज शेंगवर्गीय आहे, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र घेतो. लावताना या गाठी करणारं रायझोबियम जिवाणू खत द्या. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ), जिवाणू आणि मुळांवरची उपयोगी बुरशी वापरून झाडं जगवली आहेत.

२०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं, असं २०१८ चं राष्ट्रीय जैवइंधन धोरण म्हणतं. करंजाच्या बीत साधारण ३० टक्के तेल असतं, पण बी ओलसर पोत्यात राहिलं की तेलातलं आम्ल वाढतं. असं तेल सरळ बायोडिझेलला चालत नाही, प्रक्रियेचा एक टप्पा वाढतो आणि भाव पडतो. शेंगा कडक वाळवूनच साठवा.

जड धातू बहुतेक मुळांतच अडकतात, तरी थोडे वर चढतात. म्हणून पहिल्या बहाराचं तेल आणि ढेप दोन्ही तपासून घ्या. एरवी करंजाची ढेप उत्तम खत. या जमिनीतली मात्र भाजीच्या वाफ्यात टाकू नका. छाटलेल्या फांद्याही घरी नेऊ नका. लाकूड जळालं तरी त्यातले बरेचसे धातू राखेत उरतात, आणि चुलीतली ती राख आपल्याकडे भांडी घासायला जाते.