गेज (gauge) हा इंग्रजी शब्द कुठे आणि कसा वापरायचा

स्पेलिंगमध्ये मधे यू येतो म्हणून बरेच जण गॉज म्हणतात, पण उच्चार गेज असाच आहे, आधी तेवढं पक्कं करा.

नाम म्हणून सगळ्यात सोपा अर्थ म्हणजे माप दाखवणारं यंत्र, फ्युएल गेज, प्रेशर गेज वगैरे. टायरचं प्रेशर गेज मात्र बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतं, त्यामुळे पंक्चर टायरवर काटा शून्यावर असला तरी आत हवा असतेच.

रेल्वेत गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटर.

खरा घोळ होतो तो जाडीच्या गेजमध्ये. वायर असो की इंजेक्शनची सुई, नंबर जितका मोठा तितकी वस्तू बारीक, म्हणजे २५ गेजची सुई १८ पेक्षा बारीक, हे उलटं का तर तार छिद्रातून जितक्या वेळा ओढाल तितकी बारीक होते आणि नंबर वाढत जातो. पत्र्याचं तर अजूनच अवघड, तिथे धातू बदलला की त्याच नंबरची जाडीही बदलू शकते, म्हणून ऑर्डर देताना सरळ मिलिमीटरच सांगा.

क्रियापद म्हणून वापरलं की अंदाज घेणं. 'इट्स हार्ड टू गेज हर मूड', म्हणजे तिचा मूड कसाय ते कळणं कठीण. इथे मेजर (measure) हा शब्दही चालतो, पण त्यात आकडा मोजल्याचा वास येतो. आणि गेजच्या पुढे अबाउट लावू नका, थेट कर्म.