पावसाळ्यात कोंबड्यांना येणारी देवी: तलंगांना लस आताच टोचा

पाऊस स्थिरावला की खुराड्याभोवती पाणी साचते, डास वाढतात आणि त्यांच्यामागोमाग कोंबड्यांमध्ये देवी येते. आजारी पक्ष्याला चावलेला डास निरोगी पक्ष्याला चावला की विषाणू पुढे जातो. चोची मारून झालेल्या जखमेतूनही तो शिरतो. मानमोडी (राणीखेत रोग) जशी काही दिवसांत खुराडे रिकामे करते, तशी देवी करत नाही. ती सावकाश पसरते, त्यामुळे तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते.

तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी), डोळ्यांच्या कडा, चोचीचा कोपरा अशा पिसे नसलेल्या जागी आधी फोड येतात, मग त्यांवर काळपट खपल्या धरतात. डोळे मिटले तर पक्ष्याला दाणा दिसत नाही आणि तो उपाशी राहून खंगतो. तोंडात, घशात पिवळट चिकट थर दिसला तर प्रकार जास्त गंभीर समजा, कारण श्वास अडकून पक्षी दगावतो. अशा वेळी पशुवैद्यकाला लगेच दाखवा.

विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविके फोड चिघळल्यावर, तीही डॉक्टरांनी सांगितली तरच द्यावीत. फोड पोटॅशिअम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने पुसून त्यावर टिंक्चर आयोडीन लावा. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका. खपल्या ओढून काढू नका. गळलेल्या खपलीत विषाणू कित्येक महिने टिकतो, म्हणून त्या लिटरसकट (खुराड्यात अंथरलेल्या भुशासकट) गोळा करून जाळा.

खरा भरवसा लसीचाच. सहा ते आठ आठवड्यांच्या तलंगांना (वाढत्या, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना), अंडी सुरू होण्याच्या बरीच आधी, लस द्यावी. ती पाण्यातून देत नाहीत. लसीत बुडवलेली दुहेरी सुई पंखाच्या पातळ पडद्यात, शीर चुकवून, आरपार टोचतात. सात ते दहा दिवसांनी पंख उलटून पाहा. टोचल्या जागी गाठ किंवा खपली दिसली तर लस लागली. बहुतेक पक्ष्यांत काहीच दिसले नाही तर पुन्हा टोचावी लागते. ही तपासणी फार थोडे लोक करतात, आणि मग लस देऊनही देवी आली अशी तक्रार होते. लस बर्फात आणा, कालवल्यावर दोन तासांत संपवा. एका कुपीत पुष्कळ मात्रा असतात, तेव्हा परसात दहा-वीस पक्षी असणाऱ्या चार घरांनी एकच दिवस ठरवावा. चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करा.

कळपात थोड्याच पक्ष्यांना लागण झाली असेल तर ते वेगळे करून उरलेल्या निरोगी पक्ष्यांना तातडीने लस देता येते. आजारी पक्ष्याला लस देऊन उपयोग नाही.

माणसांना हा रोग होत नाही, कांजिण्यांशीही त्याचा संबंध नाही. घरातल्यांना भीती नको.

फुटकी मडकी, टायर, पाण्याची जुनी भांडी उपडी करा, गटार वाहते ठेवा, सांजेला खुराड्याला बारीक जाळी लावा. बाजारातून आणलेला कोंबडा निदान तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा. श्रावणात खप थंडावतो आणि खुराड्यात दाटी होते, तेव्हा जादा पक्ष्यांची सोय आधीच बघा.