सायकल घेतली, पण ती धूळ खात पडली आहे? या चुका टाळा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगच्या भिंतीला अकरा सायकली टेकवून ठेवल्या आहेत. परवा सहज एकेकीचं टायर दाबून पाहिलं, तर आठांत हवाच नव्हती. त्या ज्यांच्या आहेत त्या सगळ्यांना मी ओळखते. डबे, नोकरी, सासऱ्यांची औषधं, मुलांचे क्लास सांभाळणारी माणसं आहेत, आळशी त्यांच्यात एकही नाही. सायकल सुटते ती बारीकसारीक चुकांनी, आणि त्यातल्या बऱ्याच मीही करून बसले आहे. गेली सहा वर्षं मात्र मी ऑफिसला सायकलने जाते.

व्यायामासाठी वेगळा तास काढायला जाणं

पहिली चूक इथेच होते. ‘उद्यापासून पहाटे पाचला उठून रोज २० किलोमीटर’ असं ठरतं, आठवडाभर जमतंही. मग घरी पाहुणे येतात, मुलांची परीक्षा येते, एक दिवस चुकतो, त्याला जोडून दुसरा चुकतो आणि गाडी तिथेच थांबते. त्यापेक्षा तुमची घराबाहेरची कुठली कामं ठरलेली आहेत ते बघा. ऑफिस, भाजी, बँक, मुलीला क्लासला सोडणं, काहीही. त्यातलं एक काम सायकलला देऊन टाका. ते काम चुकत नाही, म्हणून सायकलही चुकत नाही.

मी डहाणूकर कॉलनीतून डेक्कनला जाते. जाताना वीस मिनिटं, येताना थोडा चढ आहे म्हणून पंचवीस. आठवड्यातून चार दिवस गेले तरी १८० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत अशी अट होती, २०२० पासून तीही नाही. वाण्याकडे जाऊन आलेली सहा मिनिटंसुद्धा धरायची. मध्यम म्हणजे किती? सायकल चालवताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढं.

सीट खाली ठेवणं

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सायकलने गुडघे दुखतात असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांची सीट खाली असते असं माझं ठाम मत झालं आहे.

लहानपणी आपल्याला शिकवलेलं असतं की सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. शिकताना ते ठीक आहे. पण तशा सीटवर रोज नऊ किलोमीटर चालवलं की गुडघा कायम जास्त वाकलेला राहतो आणि वाटीवर ताण येतो. मला दुसऱ्याच महिन्यात जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ यायला लागली. तीन आठवडे सायकल बंद. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिला प्रश्न विचारला, “सीट केवढी वर आहे?” मला सांगताच येईना. दुकानातून आणली तशीच चालवत होते.

त्यांनी शिकवलेली पद्धत अशी. नेहमीची चप्पल किंवा बूट घालून भिंतीला धरून सीटवर बसा. एक पॅडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा ठेवा, गुडघ्याला आपोआप हलका वाक येतो. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल किंवा गुडघ्याच्या मागे दुखत असेल, तर सीट फार वर गेली आहे. एकदम चार बोटं वर करू नका. अर्धा-एक सेंटिमीटर वाढवा, दोन-तीन दिवस चालवा, मग पुन्हा बघा. सीटच्या दांडीवर एक खूण कोरलेली असते, ती कधीही बाहेर दिसता कामा नये, नाहीतर दांडी मोडू शकते.

सीट वर केली की थांबताना भीती वाटते. थांबायचं असलं की सीटवरून पुढे उतरून एक पाय खाली टेकायचा. चार-पाच दिवसांत सवय होते. आणि उंची एकदा जमली की दांडीला तिथे इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून ठेवा. घरातलं कोणीतरी सायकल नेतं आणि सीट खाली करून आणून ठेवतं.

जड गिअरवर रेटणं

जोर लागला म्हणजे व्यायाम झाला, असं वाटतं. खरं तर त्याने मांड्या आणि गुडघे लवकर थकतात. उजवा पाय पंधरा सेकंदांत किती वेळा खाली जातो ते मोजा. पंधरा ते वीस वेळा गेला तर बरोबर. त्याहून कमी असेल तर गिअर हलका करा. सिग्नलला थांबण्याआधीच हलका करा, कारण बहुतेक सायकलींचा गिअर पॅडल फिरत असतानाच बदलतो.

पंक्चर समजून सायकल बाजूला ठेवणं

ट्यूबमधली हवा नुसती उभी राहूनही कमी होते, त्यामुळे आठवड्यातून एकदा भरायचीच. किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. हवा कमी ठेवून खड्ड्यातून गेलं की ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साध्या काळ्या सायकलीची हवा रोज जात असेल तर आधी वॉल्व्हवर थुंकीचं बोट लावून बघा. बुडबुडा आला तर ट्यूब ठीक आहे, वॉल्व्हची रबरी नळी कुजली आहे. ती चार-दोन रुपयांत बदलते. हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घरात हवाच. माझा मी जिन्याखाली ठेवला आहे, ज्याला लागेल त्याने घ्यावा.

सायकल अडचणीत ठेवणं

सायकल काढायला तीन स्कूटर सरकवाव्या लागत असतील तर चौथ्या दिवशी तुम्ही स्कूटरच काढाल. सोसायटीत बोलून जिन्याजवळची जागा मागून घ्या. कुलपाची किल्ली घराच्या किल्लीलाच अडकवा. पाठीवरची बॅग कॅरिअरला बांधा, म्हणजे पाठ घामाने भिजत नाही.

मैत्रिणींनो, ओढणी आणि साडीचा पदर यांत तडजोड नको. माझी ओढणी एकदा मागच्या चाकात गेली आणि मानेला असा हिसका बसला की अजून आठवतो. आता निघण्याआधी ओढणी काढून पिशवीत. चेनला पूर्ण कव्हर असलेली सायकल घ्या.

पावसाळ्यात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं घसरतात. चेन कोरड्या फडक्याने पुसूनच तेल द्या.

हृदयविकार असेल, चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. आणि सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, त्यामुळे हाडांना हवा तेवढा ताण मिळत नाही. त्यासाठी चालणं आणि थोडं वजन उचलणं लागतंच. मी ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याने जाते, आणि तो जिना आता दुखत नाही.